स्थानिक पालक

आमच्या संस्थेत बत्तीस मुली होत्या आणि बत्तीसच्या बत्तीस एक जूनला जन्मल्या होत्या. यात चमत्कार वगैरे काही नाही. ज्या पोरीची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते, तिला शाळेत घालताना मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचा मेळ बसवायला सोपं जातं. महाराष्ट्रात असे एक जूनचे लोक ढिगाने सापडतील. फरक इतकाच, की आमच्या मुलींना अठराव्या एक जूनला केक मिळतो आणि त्याच संध्याकाळी त्यांना घराबाहेर काढतात.

‘काढतात’ हा शब्द समितीला चालत नाही. समितीचा शब्द ‘पाठवणी’.

मी त्या संस्थेची अधीक्षिका, सुमेधाबाई. राहायला नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात, नोकरी उमेळ्याला. आमचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ हे वसईचे जुने बागायतदार. त्यांच्या केळीच्या वाडीवर आता सात इमारती उभ्या आहेत. वाडीच्या ज्या कोपऱ्यात पावसाळ्यात कमरेएवढं पाणी साचतं, तो कोपरा बिल्डरने घेतला नाही, म्हणून भाऊंनी तो अनाथ मुलींना दिला. आईच्या स्मरणार्थ. पाटीवर संस्थेचं नाव शोधावं लागतं, भाऊंच्या आईचं नाव मात्र हमरस्त्यावरून वाचता येतं. भाऊ घरी अस्सल वाडवळी बोलतात, पण माईक दिसला की त्यांच्या तोंडून ‘वात्सल्य’, ‘ऋणानुबंध’ असे शब्द आपोआप बाहेर पडतात.

दुसरे आमचे कार्यवाह, श्रीरंगराव. सरकारी खात्यातून निवृत्त, फ्लॅट वसई रोडला, नाद पंचांगाचा. संस्थेत नवी मुलगी आली की पोलिसांच्या कागदाआधी ते पंचांग उघडायचे आणि त्या दिवशीचं नक्षत्र बघून तिचं नाव ठेवायचे. नव्वद साली, मी नोकरीला लागले त्याच वर्षी, एक पोर आली. नाकाला शेंबूड, हातात कुणीतरी दिलेला पावाचा तुकडा, तो काही केल्या सोडेना. श्रीरंगरावांनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, “आश्लेषा.” जन्म कधीचा, कुठला, देव जाणे. पण आमच्या दारात आली ती आश्लेषा नक्षत्रावर, म्हणून आश्लेषा.

वयही त्यांनीच ठरवलं. पोरीचा दुधाचा एकही दात पडलेला नव्हता. मी म्हटलं, पाचाची असेल. श्रीरंगराव म्हणाले, “पाच लिहिलं तर वर्षभर घरी बसवून सांभाळावी लागेल. सहा लिहा. सरळ पहिलीत जाईल.” सहा लिहिलं. एक जून एकोणीसशे चौऱ्यांशी. कुणाचं काय बिघडलं? तेव्हा काही बिघडलं नाही.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये समितीची बैठक झाली. विषय पहिला : कु. आश्लेषा हिची पाठवणी. विषय दुसरा : जेवण. पहिला विषय चार मिनिटं चालला, दुसरा पाऊण तास. पुरणपोळी की श्रीखंडपुरी, यावरून श्रीरंगराव आणि भाऊंच्या पत्नी मंदाताई यांच्यात इतकी खडाजंगी झाली, की शेवटी दोन्ही करायचं ठरलं.

पहिल्या विषयात मी विचारलं होतं, “पण ती जाणार कुठे?”

“सरकारचं अनुरक्षणगृह असतं ना अठराच्या वरच्या मुलींसाठी,” श्रीरंगराव म्हणाले. “मी मसुदा तयार केलाय. पण ‘विनंती’ लिहावं की ‘नम्र विनंती’, यावर भाऊंशी बोलायचं राहिलंय.” हा मसुदा डिसेंबरपासून तयार होता. घोंगडं असं भिजत पडलं होतं.

“नाहीतर मी आहे ना,” मंदाताई म्हणाल्या. मंदाताईंच्या मते अनाथ मुलीचं पुनर्वसन एकाच प्रकारे होतं आणि त्याला मांडव लागतो. त्यांनी आठवड्याभरात स्थळ आणलं. मुलगा नालासोपाऱ्याचा, स्वतःची रिक्षा, वय सदतीस. पहिली बायको सोडून गेलेली. का गेली, हे विचारल्यावर मंदाताई म्हणाल्या, “अहो, आपल्याकडचीला आईबाप नाहीत, त्याच्याकडे बायको नाही. जमतंय की!”

बघायला मुलगा आला नाही, त्याची आई आली. कार्यालयात टेबलावरच्या फायली उचलून पोहे मांडले. मंदाताईंच्या साडीत गुंडाळलेली आश्लेषा समोर बसली. बाई मोठ्या चौकस. स्वयंपाक येतो का, भाकरी थापते का, चष्मा आहे का, रात्री झोपेत बोलते का, सगळं विचारून झालं.

“नाव काय गं?”

“आश्लेषा.”

बाईंचा चमचा थांबला. “नुसतं नाव आहे, की नक्षत्र पण तेच?”

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. पण पंचांगाचा विषय निघाला आणि श्रीरंगराव गप्प बसले, असं वसईच्या इतिहासात घडलेलं नाही. ते पुढे सरसावून म्हणाले, “नक्षत्रच! मी स्वतः पंचांग बघून ठेवलंय. चौथा चरण!”

“आश्लेषेची पोर सासूच्या मुळावर येते,” बाई म्हणाल्या. “आमच्या गल्लीत एक आणली होती. वर्ष काढलं नाही सासूने.” त्यांनी पोहे मात्र संपवले, वर लिंबू मागून घेतलं, आणि गेल्या. मंदाताईंनी श्रीरंगरावांकडे असं पाहिलं, की त्यांनी टोपी काढून परत घातली.

मी स्वयंपाकघरात गेले तर आश्लेषा ओट्याला टेकून तोंडावर पदर दाबून हसत होती. “बाई,” ती म्हणाली, “एवढ्या वर्षांत सरांनी फर्स्ट टाइम माझं काहीतरी चांगलं केलं!” मीही हसले. मग तिने पदराने डोळे पुसले आणि कपाटामागून एक मोठं पाकीट काढलं.

त्यात नर्सिंगच्या शाळेचा अर्ज होता. पालघरकडच्या एका इस्पितळाची शाळा, तीन वर्षांचा कोर्स, राहायला वसतिगृह, वर थोडं विद्यावेतनही. माहिती तिने स्वतः काढली होती, पोस्टाने अर्ज मागवला होता, सुवाच्य अक्षरात सगळा भरला होता. बारावीचा निकाल नंतर जोडला तरी चालणार होता. शेवटची तारीख दहा जून. वर्ग एक ऑगस्टला सुरू होणार. फक्त खालची एक जागा रिकामी होती. ‘स्थानिक पालकाची सही व पत्ता’. आणि त्याखाली बारीक अक्षरात : सुट्टीत व आजारपणात विद्यार्थिनीला स्वतःच्या घरी नेण्याची जबाबदारी मी स्वीकारत आहे.

“बाई, तुम्ही कराल?”

आता मी जे बोलले ते लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, “मी संस्थेची नोकर माणूस. कर्मचाऱ्यांनी मुलींची वैयक्तिक जबाबदारी घ्यायची नाही, असा नियम आहे. समितीला विचार. ते तर तुला लेक मानतात.” नियम खरा होता. पण त्याच्याआड मी जे लपवलं तेही खरं होतं. आचोळ्याचं आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात मी, आमचे हे आणि दहावीला गेलेली आमची मुलगी आर्या. आदल्याच आठवड्यात मी यांच्याकडे आश्लेषाला आपल्याकडे ठेवण्याचा विषय काढून बघितला होता, तेव्हा हे म्हणाले होते, “ती तुझी नोकरी आहे, सुमेधा. सोयरीक नाही.” आणि मला ते ऐकून बरंच वाटलं होतं. नाही म्हणायला माणूस मिळाला होता.

आश्लेषा समितीकडे गेली. आधी श्रीरंगरावांकडे, आणि तिथे तिने सुरुवातीला सही मागितलीच नाही. तिने वेगळंच काही मागितलं. मी शेजारच्या टेबलावर होते.

“सर, मी आले तेव्हा पाचची होते ना?”

“कोण म्हणतं?”

“बाईंनी सांगितलं. तुम्ही सहा लिहिलंत. म्हणजे माझं एक वर्ष तुमच्याकडे राहिलंय. ते द्या ना परत. पूर्ण नको, दोन महिने द्या. ऑगस्टला हॉस्टेल चालू होईल, मी जाईन.”

श्रीरंगराव क्षणभर खरोखर अडखळले. मग सरकारी खात्यात काढलेली तेहतीस वर्षं त्यांच्या मदतीला धावून आली. “बाळ,” ते म्हणाले, “शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच तुझं वय. कागद खोटं बोलत नाही. अठरा पूर्ण झालेली मुलगी एक दिवस जरी इथे ठेवली तरी तपासणीत आमच्यावर शेरा येतो.”

“मग सही?”

“भाऊंना विचार.”

भाऊ म्हणाले, घरातलं सगळं मंदा बघते. मंदाताई म्हणाल्या, नर्सिंग? रात्रपाळ्या, परके पुरुष, मी तर परवानगीच देणार नाही, मी आई आहे तुझी. म्हणजे सही करण्यापुरत्या त्या आई नव्हत्या, अडवण्यापुरत्या होत्या.

मग धवलभाईंनी तोडगा काढला. धवलभाई म्हणजे भाऊंच्या वाडीवर इमारती उठवणारे बिल्डर आणि आमचे आश्रयदाते. “एवढी चिंता कशाला?” ते म्हणाले. “आमच्या घरी राहू दे ना. मोठा फ्लॅट आहे. आमच्या मिसेसला मदत होईल, माझी म्हातारी बा आजारी असते तिचं बघेल. एकदम घरच्यासारखी राहील.” समितीने टाळ्या वाजवल्या. मी या धंद्यात बारा वर्षं काढली आहेत. ‘घरच्यासारखी’ याचा अर्थ मला कळतो : पगार नाही, सुट्टी नाही, झोपायला स्वयंपाकघराची लादी. आश्लेषाच्या आधी गेलेली मीरा अशीच एका घरी घरच्यासारखी गेली होती. चार वर्षांनी भेटली तेव्हा तिने मला विचारलं होतं, “बाई, माझा बारावीचा दाखला अजून तुमच्याकडे आहे का? आता उपयोग होईल का त्याचा?”

तर ठरलं ते असं. एक जूनला, शनिवारी, समारंभ. समारंभ झाला की धवलभाईंची गाडी. अर्ज राहिला दहा तारखेपर्यंत, पण त्या घरात एकदा शिरलेली मुलगी दहा तारखेला पालघरला कशी जाणार होती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

समारंभ झोकात झाला. अंगणात मांडव, व्यासपीठावर चार खुर्च्या, त्यावर अनुक्रमे भाऊ, मंदाताई, श्रीरंगराव, धवलभाई. पाचवी खुर्ची नव्हती, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि सूत्रसंचालकाने उभं राहायचं असतं. मागे फलक : ‘लेकीची पाठवणी’. समोर सतरंजीवर बाकीच्या एकतीस मुली, तेल लावून वेण्या घातलेल्या, सकाळपासून पुरणाच्या वासाने कासावीस झालेल्या. स्थानिक साप्ताहिकाचा छायाचित्रकारही आला होता. तो कृतज्ञता टिपायला आलेला असतो.

भेटी दिल्या. प्लास्टिकची बादली, मग, चादर, स्टीलचा डबा, आणि धवलभाईंकडून भिंतीवरचं घड्याळ, तबकडीवर त्यांच्या नव्या संकुलाचं नाव आणि दूरध्वनी क्रमांक. ज्या मुलीला भिंतच नाही तिला भिंतीवरचं घड्याळ दरवर्षी देतात. मी एकदा बोलले होते. तेव्हापासून ते जास्त मोठं देतात.

मग मंदाताईंनी ओटी भरली. लग्न न झालेल्या मुलीची सासरी पाठवल्यासारखी ओटी कोण भरतं? मी हळूच म्हटलं, तर म्हणाल्या, “लेकच ना ती? आमच्या घरी असंच असतं.” नारळ, तांदूळ, खण, हळकुंडं सगळं पदरात पडलं. मंदाताईंना रडू आलं. खरंच आलं, मी खोटं सांगणार नाही. रडण्यात त्या कधी कमी पडल्या नाहीत.

भाऊ बोलायला उभे राहिले. “आश्लेषा अनाथ नाही. मी जिवंत असेपर्यंत या मुलीला अनाथ म्हणण्याची कुणाची हिंमत नाही. ही माझी लेक आहे. बापाच्या घराचं दार लेकीला सदैव उघडं असतं.” टाळ्या. छायाचित्रकाराने दोन फोटो काढले. एकात भाऊंचे डोळे मिटलेले आल्यामुळे तिसरा काढला.

मग मी म्हटलं, आता आश्लेषा दोन शब्द बोलेल. ते दोन शब्द श्रीरंगरावांनी लिहून पाठ करून घेतले होते. संस्थारूपी वटवृक्ष, त्याची शीतल छाया, आम्ही पाखरं, इत्यादी. तिने ते न चुकता म्हटले. श्रीरंगरावांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. शेवटी ‘धन्यवाद’ म्हणून ती थांबली, पण माईकपासून हलली नाही. ओटीत हात घातला, नारळाखालून घडी केलेला अर्ज काढला.

“भाऊंनी आत्ता सांगितलं की मी त्यांची लेक आहे,” ती म्हणाली. “मला नर्सिंगला जायचंय. फॉर्मवर पालकाची सही पाहिजे. दहा तारीख लास्ट आहे. भाऊ, इथे कराल?” आणि तिने पेन पुढे केलं.

भाऊंनी अर्ज घेतला. वाचला. बारीक अक्षर दोनदा वाचलं. “नेण्याची जबाबदारी... स्वतःच्या घरी...” मग घसा खाकरून म्हणाले, “करायला काय हरकत नाही. पण मी अध्यक्ष. एका मुलीला सही दिली तर उद्या बाकीच्या म्हणतील आमच्यावर अन्याय झाला. बत्तीस लेकींचा बाप आहे मी.” अर्ज मंदाताईंच्या मांडीवर गेला.

“माझी सही मराठीत आहे गं,” मंदाताई म्हणाल्या. “अशा कागदाला ती चालत नसणार.” अर्ज श्रीरंगरावांकडे.

श्रीरंगरावांनी तो उलटापालटा केला. “छायाप्रत नाही, साक्षांकन नाही. आणि आज शनिवार. नव्या कामाला शनिवार बरा नव्हे. पुढच्या गुरुवारी बघू.” अर्ज धवलभाईंकडे.

धवलभाईंनी तो वाचलाही नाही. “अरे बेटी, गाडी बाहेर उभी आहे. घरी चल, आरामात बसून वाचू. सही काय कुठे पळून जाते?” आणि हात लांब करून त्यांनी तो माझ्याकडे दिला. “बेन, हे जरा फाईलमध्ये संभाळून ठेवा.”

फाईलचं कपाट माझ्या मागेच, कार्यालयाच्या दाराशी होतं. किल्ली माझ्या कमरेला. त्या कपाटात श्रीरंगरावांचा नम्र विनंतीचा मसुदा होता, मीराचा दाखला होता, बारा वर्षांत संभाळून ठेवलेलं बरंच काही होतं. मी किल्लीला हात घातला. घातला, हे खरं आहे.

आश्लेषाने मला थांबवलं नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती अजून धवलभाईंच्या रिकाम्या झालेल्या हाताकडे बघत होती, पेन पुढे धरून. मी वर पाहिलं तर सतरंजीवरच्या एकतीस मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यांना पुरणपोळीचा विसर पडला होता. सगळ्यांत धाकटी कृत्तिका, सहा वर्षांची, तीही बघत होती. त्या प्रत्येकीचा अठरावा एक जून ठरलेला होता आणि आपल्या वेळी काय होणार ते त्यांना आत्ता कळणार होतं.

“कुठे करायची?” मी विचारलं. माईक चालू होता. माझा प्रश्न मांडवभर ऐकू गेला.

मी सही केली. पत्ता लिहिला, आचोळे, नालासोपारा पूर्व. पिनकोड दोनदा खोडला. कुणी मला थोर म्हणू नये. त्या मुली समोर नसत्या तर मी तो कागद फाईलला लावला असता आणि वर कपाटाला कुलूप घातलं असतं.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती भाऊंनी. “बघा,” ते माईककडे वाकून म्हणाले, “संस्था आपल्या लेकीला वाऱ्यावर सोडत नाही!” साप्ताहिकात पुढच्या आठवड्यात बातमी आली : ‘अनाथ कन्येचे पालकत्व संस्थेने स्वीकारले’. फोटोत भाऊ, मंदाताई, श्रीरंगराव आणि धवलभाई होते. आश्लेषा अर्धी होती. माझी कोपरापर्यंत बाही आली होती. आणि ज्या दिवशी साप्ताहिक आलं त्याच दिवशी मला श्रीरंगरावांच्या सहीची नोटीस मिळाली. कर्मचाऱ्याने नियमभंग करून वैयक्तिक जबाबदारी घेतल्याबद्दल खुलासा करावा. त्या नोटिशीला मात्र मसुदा, नम्र विनंती, गुरुवार, काही लागलं नव्हतं. समितीने आणखी एक ठराव केला : यापुढे निरोपाच्या कार्यक्रमात मुलींनी लेखी भाषणाबाहेर बोलू नये.

धवलभाईंची गाडी रिकामी गेली. आम्ही रिक्षाने आचोळ्याला आलो. दार यांनी उघडलं. बादली, डबा, घड्याळ आणि ओटीतला नारळ सांभाळत उभ्या असलेल्या मुलीकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

“किती दिवस?”

“दोन महिने.”

“आणि मग?”

“दिवाळी. मे महिना. आणि आजारी पडली तर.”

हे आत गेले आणि कपाटातल्या एका खणातले आपले शर्ट उचलून दुसऱ्या खणात कोंबले. मग बाहेर येऊन म्हणाले, “मला आधी सांगायचंस ना.” मी म्हटलं, “मलाच आधी कळलं नव्हतं.”

ते दोन महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे समितीच्या भेटीतली बादली तेवढी कामाला आली. आर्या कुरकुरली, तिची अर्धी गादी गेली होती. आश्लेषा सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणाची अशी घडी घालायची, की रात्री तिथे कुणी झोपलं होतं हे कळू नये. पंखा लावायचा तरी विचारायची. “बाई, पंखा लावू?” पाणी प्यायचं तरी, “बाई, पाणी घेऊ?” बारा वर्षं हे मीच तिला शिकवलं होतं. संस्थेत मला ते वळण वाटायचं, शिस्त वाटायची. माझ्याच घरात, माझ्याच फिल्टरसमोर ती रिकामा पेला धरून उभी राहिली की मी म्हणायची, अगं विचारू नकोस, घे. ती “हो बाई” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची.

बारावीला तिला एकसष्ट टक्के पडले. प्रवेश झाला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी हळूहळू स्वतःवर खूश होत गेले. शेजारणी म्हणायच्या, सुमेधाताई, कोण करतं हो आजकाल परक्यासाठी एवढं? मी म्हणायची, छे, परकी कुठली, लेकच ती. हे म्हणताना माझा आवाज भाऊंसारखा लागतो हे माझ्या लक्षात यायचं, पण म्हणायला गोड वाटायचं.

एक ऑगस्टला मी तिला सोडायला गेले. वसतिगृहाच्या कार्यालयात जाडजूड रजिस्टर घेऊन एक कारकून बसला होता. विद्यार्थिनीचं नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली, एक जून. मग त्याने माझं नाव, पत्ता लिहिला आणि मान वर न करता विचारलं, “विद्यार्थिनीशी नातं?”

मी तयार होते. गाडीत बसल्यापासून तयार होते. ‘आई’ म्हणायचं, त्यावर आश्लेषाचे डोळे भरून येतील, मी तिच्या पाठीवरून हात फिरवीन, इथपर्यंत सगळं मी ठरवलं होतं. मी तोंड उघडलं.

“ओळखीच्या आहेत,” आश्लेषा म्हणाली.

कारकुनाने मान वर केली. “नुसत्या ओळखीच्या? सुट्टीत, आजारपणात घरी नेणार, आणि ओळखीच्या?”

“हो,” ती म्हणाली. “त्यांनी सही केलीय.”

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, रागही आला. दोन महिने पोटच्या पोरीच्या गादीवर झोपवली, नोटीस खाल्ली, आणि ओळखीच्या? जन्मभर जिने फक्त लेक म्हणवून घेतलं आणि एकदाही सही पाहिली नाही, तिला या दोनांतला फरक माझ्यापेक्षा चांगला कळत होता. भाऊ, मंदाताई, समितीतले सगळे तिला लेक म्हणत होते. तिने मला त्यांच्यात बसवलं नव्हतं. पण हे मला परतीच्या वाटेवर सफाळे स्टेशन गेल्यावर सुचलं. तिथे कार्यालयात मी नुसती नाक पुसत उभी होते.

“बाई?” कारकून माझ्याकडे बघून म्हणाला. “बरोबर आहे ना? ओळखीच्या लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं. “ओळखीचीच.”